साभार : आंतरजाल

हुपरीतल्या आमच्या घरात कामाची जागा आणि राहायची जागा एकच होती. भिंतीला लागून कोळशाचा पाट, त्याच्या शेजारी रॉकेलचा दिवा आणि दिव्यासमोर आई. पैंजणाच्या कड्या कोळशावर मांडायच्या, सांधा धरावा म्हणून त्यांवर टाकणखाराचं पाणी सोडायचं आणि फुंकणी तोंडात धरून ज्योत बरोबर सांध्यावर न्यायची. चांदी झाळायची म्हणजे हे. फुंक कमी पडली तर सांधा धरत नाही, जास्त झाली तर अख्खी कडी वितळून गोळा होते. ताटलीभर कड्या झाळून होईपर्यंत आईचे गाल फुगलेलेच असायचे. आम्हा पोरांना ती हाक मारायची नाही, कारण तोंड रिकामं नसायचं. चमच्याने ताटलीवर टकटक केलं की पाणी आण, दोनदा केलं की धाकट्याला बाहेर ने.

चांदी पेढीची, नक्षी पेढीची, शिक्का पेढीचा. आमची फक्त फुंक. शिक्का म्हणजे बोटाएवढा पोलादी ठसा, त्यावर पेढीच्या मालकाच्या नावाची दोन अक्षरं. बाबा तो पिशवीत गुंडाळून देवाच्या फळीवर ठेवायचे. जोड तयार झाला की अडकवायच्या कडीजवळ ठसा धरून वर हातोडीचा एक टोला. हे कामही आईचंच. पैंजण कोकणात जावो नाहीतर विदर्भात, ज्या बाईच्या पायात जाईल तिला ती दोन अक्षरं दिसणार. फुंक कुणाची, हे कुणाला दिसणार नाही. नव्वद सालच्या पुढची दोन-तीन वर्षं कामाचा इतका तुटवडा होता की आठवड्यातून चार दिवस पाट थंड असायचा आणि घरात भाकरीबरोबर नुसतं तिखट. तरीही पेढीच्या नावाला कुणी शब्द लावायचा नाही. नाव त्यांचं होतं ना.

पण आमच्या बोळात एक रीत होती आणि ती पेढ्यांपेक्षा मोठी होती. एखादी नक्षी तुम्ही दुसऱ्याच्या घरात बघितली आणि तुम्हाला करावीशी वाटली, तर आधी विचारायचं. आणि केली, तर पहिला जोड त्या घरी दाखवायला न्यायचा. आमच्या समोर एक लिंगायत अक्का राहायच्या. बोलता बोलता निम्म्या कानडीत जायच्या. त्यांच्याकडची चिंचेच्या पानाची नक्षी आईला आवडली होती. आईने उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारलं, "अक्का, ह्ये पान मी करू का?"

"कर की. पान काय माझ्या बापाचं हाय? चिंचंचं हाय. पण पयला जोड दाव."

आठ दिवसांनी आई पदराच्या टोकात जोड बांधून गेली. अक्कांनी तो उजेडात धरला, कानाजवळ वाजवून बघितला आणि म्हणाल्या, "पान जाड झालंय. तुझ्यासारखंच." मग चहा. मग तो जोड पेढीवर. बोळात एका घराने ही रीत पाळली नव्हती. त्या माणसाला कुणी शिवी दिली नाही की भांडलं नाही. पण त्याच्या घरातला टाकणखार संपला की बोळातल्या एकाही घरात टाकणखार नसायचा.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे माझं जे डोकं फिरलं ते इथनं फिरलं.

मी बी.ए. झाले तेव्हा आमच्या दोन्हीकडच्या नात्यात कॉलेजचा उंबरा ओलांडलेली मी पहिली. हुपरी ते कोल्हापूर एस.टी.ने अकरावीपासून पाच वर्षं ये-जा केली. पास गळ्यात, डबा मांडीवर आणि खिडकीजवळची जागा धरायला रुमाल आधीच आत टाकलेला. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. लोक म्हणतात शिक्षणाने माणूस नम्र होतो. ज्यांच्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांनी व्हावं नम्र.

पुढे राजारामपुरीत एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये नोकरी लागली. काम टायपिंगचं. नोट्स, प्रश्नपत्रिका, वेळापत्रकं. क्लासमध्ये इंटरनेट आलं तेव्हा दुपारच्या दोन बॅचच्या मध्ये जो तासभर मोकळा असायचा, त्यात मी कॉम्प्युटरवर बसायला लागले. क्लासचे मालक, म्हणजे आमचे सर, तोंडाने फाटके पण मनाने बरे. "वीज माझी, वायर माझी, आनि लिवनार तू. लिव की," म्हणाले.

दोन हजार सातच्या सुमारास मी मराठीत ब्लॉग सुरू केला. तेव्हा मराठीत लिहिणारे फार नव्हते. एकमेकांच्या दारात गेल्यासारखं लोक एकमेकांच्या ब्लॉगवर जायचे. काहींना ब्लॉग हा शब्द चालायचा नाही, ते अनुदिनी म्हणायचे. इंटरनेटला आंतरजाल आणि पुढे ढकललेल्या ई-मेलला ढकलपत्र. मला हे शब्द आवडायचे. त्यांत पाहुण्यांसाठी बाहेर काढलेल्या कपबशीसारखा एक नीटनेटकेपणा होता. नागपूरच्या एका बाईंनी माझ्या दोन ओळी उतरवून घ्यायला परवानगी मागितली, तेव्हा दोन दिवस मी क्लासमध्ये छाती काढून फिरत होते. सरांनी विचारलं, "काय गं, पगार वाढला काय? मी तर न्हाय वाढवला."

एका रविवारी मी हुपरीला गेले होते. आई बोळातल्या बचत गटाची अध्यक्ष होती. तिच्यापुढे गटाचा कसलासा अर्ज होता आणि तिने तो माझ्याकडे सरकवला, "वाच जरा." मी शिकलेल्या पोरीच्या तोऱ्यात म्हणाले, "आई, इतक्या वर्षांत एक अक्षर पण नाही आलं तुला?"

आई पैंजणाच्या कडीवर ठसा धरून बसली होती. वर न बघता म्हणाली, "येत्यात की. दोन येत्यात. ती बी दुसऱ्याच्या नावाची." आणि हातोडी मारली.

सोमवारी दुपारच्या मोकळ्या तासात मी ते लिहून काढलं. फुंकणी, दिवा, फुगलेले गाल, ताटलीवरची टकटक. आई जशी बोलते तसंच ठेवलं. आमच्याकडे बायकाही 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात, तेही तसंच ठेवलं. शेवटी तिचं ते वाक्य. खाली माझं नाव. लेखात तिला फक्त 'आई' म्हटलं होतं.

त्या लेखावर जेवढी माणसं आली तेवढी माझ्या ब्लॉगवर आधी कधी आली नव्हती. मी हुरळले. महिना-दीड महिन्याने एका ओळखीच्या ब्लॉगवाल्याने मला एक दुवा पाठवला. खाली एकच ओळ : "हे तुमचंच ना?"

पुण्यातल्या एका माणसाचा ब्लॉग होता. इंजिनिअर, मोठ्या पदावर, वाचकवर्ग भरपूर. त्याच्या पानावर माझा लेख होता. अख्खा. पण माझा नव्हता. 'माझी आई' गेली होती, तिथे 'एक चांदी-कारागीर स्त्री' आली होती. हुपरी गेली होती, तिथे 'ग्रामीण महाराष्ट्रातील एक गाव' होतं. 'मी फुंकतो'चं 'मी फुंकते' झालं होतं. आणि शेवटचं वाक्य इस्त्री करून ठेवलं होतं : "मला दोनच अक्षरे येतात, आणि तीही दुसऱ्याच्या नावाची." त्याच्याखाली तिरप्या अक्षरात, साभार : आंतरजाल.

मी खुर्चीतनं उठले, पाण्याच्या माठापर्यंत गेले, पाणी न पिता परत आले. खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. "आपली निरीक्षणशक्ती थक्क करणारी आहे." "शेवटच्या वाक्याने अंगावर काटा आला, काय लिहिता हो तुम्ही." आणि प्रत्येकाखाली त्याचं उत्तर : "मनःपूर्वक आभार." माझ्या आईने फुंकायचं आणि याने आभार गोळा करायचे. पुन्हा एक शिक्का. फक्त आता पोलादाचा नव्हता.

मी प्रतिक्रिया लिहिली, की हा लेख माझा आहे आणि ही बाई माझी आई आहे. ती छापली गेली नाही. दुसऱ्या दिवशी परत लिहिली. तीही नाही. मग ई-मेल केला, लेखाखाली आमचं नाव घाला म्हणून. त्याचं उत्तर आलं तेव्हा त्यात 'ताई' होतं, 'आपण' होतं, सगळं होतं.

"ताई, मला हा मजकूर ढकलपत्रातून आला. त्यावर कुणाचे नाव नव्हते. मी तर खाली साभार लिहिले आहेच."

मी उत्तर दिलं, "आभार कुणाचे मानलेत? आंतरजाल नावाची बाई कुठल्या गावची? तिची आणि माझी गाठ घालून द्या."

त्याने लिहिलं, "क्षमस्व, पण आंतरजालावर ठेवलेली गोष्ट ही चव्हाट्यावर ठेवलेली असते. आणि विचार वाटल्यानेच वाढतात."

"आमच्या गावात रिठ्याच्या पाण्यात धुतलेले पैंजण दारात फडक्यावर वाळत घालतात," मी लिहिलं. "जाणारे-येणारे बघतात, चांगले झालेत म्हणतात आणि पुढे जातात. दारात आहेत म्हणून कुणी उचलून घरी नेत नाही. आणि नेलेच, तर शेजाऱ्यांकडून वाहवा घेत नाही."

दोन दिवसांनी एका ओळीचं पत्र : "वाद नको म्हणून लेख काढून टाकला आहे. आपणास शुभेच्छा." बघितलं तर खरंच पान गायब. लेखही नाही, प्रतिक्रियाही नाहीत.

क्लासमधल्या दुसऱ्या बाई म्हणाल्या, झालं की मग, जिंकलीस तू. काय जिंकले? चोरलेला पैंजण हातात सापडला म्हणून माणसाने तो विहिरीत टाकला, तर मालकिणीला काय मिळालं? मी काढा म्हटलं नव्हतं. नाव घाला म्हटलं होतं. ज्या लोकांनी 'काय लिहिता हो तुम्ही' म्हटलं होतं ते सगळे अजून तसंच समजत होते. त्यांना कोण सांगणार?

मी हे तावातावाने सरांना सांगितलं. सर भजी खात होते. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आगं, रागावू नको, पण एक इचारतो. आपल्या नोट्सच्या खाली कुणाचं नाव असतंय?"

"क्लासचं."

"आनि त्या कुठनं येत्यात?"

त्या कुठून येतात ते मला माहीत होतं. तीन पुस्तकं उघडी ठेवून सातआठ वर्षं मीच तर टाइप करत होते.

"कोल्हापुरातल्या सगळ्या क्लासच्या नोट्स एकमेकींच्या मावसबहिणी हायत्या," सर म्हणाले. "तोंडावळा सारखा दिसतोय, पण कुनी इचारत न्हाय. त्यो पुण्याचा पावणा आपल्याच जातीचा हाय म्हण आनि सोड."

मी सोडलं नाही. उलट सरांवरही चिडले आणि आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पण ते वाक्य कुसळासारखं आत राहिलं.

मार्चमधल्या एका रविवारी हुपरीला एस.टी.तून उतरून बोळात शिरले, तर अक्का दारातच. मला बघून आधी हसल्या नाहीत, हे मला विचित्र वाटलं.

"बाय, तुझ्या आयचं बोलणं कुणीतरी कागदावर घालून वाचलं गं."

"कुठे?"

"शाळंत. महिला दिनाला. कोल्हापूरनं एक बाई आलती भाषणाला."

घटना अशी होती. गावातल्या बचत गटांचा कार्यक्रम होता. पाहुण्या बाईंनी पर्समधून छापलेला कागद काढला. तेच ढकलपत्र. कुठून कुठे फिरत ते आमच्याच गावात, आमच्याच शाळेच्या पटांगणात येऊन पोचलं होतं. त्यांनी ते सुरेख आवाजात वाचलं, 'ग्रामीण महाराष्ट्रातील एका अज्ञात भगिनीचे उद्गार' म्हणून. ती अज्ञात भगिनी दुसऱ्या ओळीत गटाच्या अध्यक्षांच्या खुर्चीवर बसली होती.

घरात गेले. आईने चहा ठेवला. कपात ओतता ओतता म्हणाली, "सगळ्या बायकांनी टाळ्या वाजीवल्या. मी बी वाजीवल्या."

"आई."

"मग काय? सगळ्या वाजवाय लागल्यावर आपुन हात बांधून बसायचं? आधी मला कळलंच न्हाय. म्हटलं, कुना बाईचं आपल्यासारखंच हाय की. गाल दुखत्यात म्हणती, ताटली वाजीवती म्हणती. मग ती दोन अक्षरांवर आली."

माझा बांध फुटला. पुण्याचा माणूस, साभार, आंतरजाल, काढून टाकलेला लेख, सगळं तिला ओरडून सांगितलं. चोर आहे म्हणाले, आईची भाषा पुसून टाकली म्हणाले, आणखीही बरंच काही म्हणाले जे इथे लिहिणार नाही. आई ऐकत होती. मी दमल्यावर तिने विचारलं, "त्येनं कुठनं घेतलं?"

"ढकलपत्रातनं. म्हणजे, ई-मेलमधनं."

"त्यात कुठनं आलं?"

"कुणीतरी माझ्या ब्लॉगवरनं उचललं असणार."

"आनि तू कुठनं घेतलंस?"

दिवा बंद होता, पाट थंड होता, रविवार होता. बोळात कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता.

"मला वाचून दावलंतंस?" आई म्हणाली. "पयला जोड आणलातास व्हय माझ्याकडं?"

कॉलेजच्या पाच वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तिची पोर होते म्हणून तिचं बोलणं माझंच, असं मी धरून चालले होते. ती वाचत नाही म्हणून तिला विचारायचं काय, असंही कुठेतरी आत असणार. हे लिहिताना आजही मान खाली जाते. माझ्या ब्लॉगवर आलेल्या प्रत्येक कौतुकाखाली मीसुद्धा 'आभार' लिहिलं होतं. एकदाही 'आईला सांगते' लिहिलं नव्हतं. आणि खरंच सांगितलंही नव्हतं.

पुण्याच्या माणसावरचा राग कमी झाला असं समजू नका. तो होता तेवढाच राहिला. वर माझ्यावरचा आला.

पुढच्या रविवारी मी दोन कागद छापून नेले. एक माझा, एक त्याचा, जो पान गायब व्हायच्या आधीच मी जपून ठेवला होता. माझा ब्लॉगवरचा लेख मी तोवर काढून ठेवला होता. अक्काही येऊन बसल्या, त्यांना बोलवावं लागत नाही. मी आधी माझा वाचला. आई मध्येच थांबवत होती.

"फुकनी पितळंची लिवलीयास. लोखंडाची हुती."

"बरं."

"आनि ह्ये तुझ्या बाबाचं काय घातलंस? शिक्का हरवल्यावर मालकाफुडं रडला म्हणून?"

"खरं आहे ना ते?"

"खरं हाय. पण त्येचं हाय, माझं न्हाय. मी हो म्हणून काय उपेग? त्येला इचार."

बाबा बाहेर कट्ट्यावर बसून चांदीची तार ओढत होते. मी दारात जाऊन विचारलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "काढ," म्हणाले. मी काढलं.

मला खरी धास्ती त्या वाक्याची होती. ती अध्यक्ष होती. कागद समोर आला की गंभीर चेहऱ्याने बघून सही करायची, सहीसुद्धा चित्र काढल्यासारखी पाठ केलेली. तिला वाचता येत नाही हे घराबाहेर कुणाला ठाऊक नाही, असं ती समजून होती आणि आता ते माझ्यामुळे गावभर झालं होतं.

"आई, हे पण काढू का?"

ती विचार करत होती, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "अय्यो, आमाला काय म्हाईत नव्हतं व्हय? कागद उलटा धरून मान हालवायचीस. आमीच म्हणायचो, हालवू दे, मान चांगली हालवती."

आई एकदम अक्कांकडे वळली. "मग सांगितलं न्हाईस त्ये इतकी वरसं."

"तू इचारलंस कुठं?"

दोघी हसायला लागल्या. मला हसू आलं नाही. मग आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे त्ये. बोललो हाय मी."

नंतर मी त्याचा कागद वाचला. दात-ओठ खातच. 'स्त्री', 'उद्गार', 'तीही दुसऱ्याच्या नावाची'. वाचून झाल्यावर म्हटलं, बघ काय केलंय.

"ब्येस हाय की," आई म्हणाली. "रेडिओवर बोलत्यात तसं. तुझ्यापरास चांगलं वाटतंय."

माझी काय आग झाली असेल, सांगून कळणार नाही. मी ज्या भाषेसाठी महिनाभर भांडत होते, तिची मालकीण म्हणत होती की दुसरी बरी.

"पण त्ये माझं न्हाय," ती पुढे म्हणाली. "मी आसं बोलतच न्हाय. त्येला म्हणावं, चांगलं केलंस बाबा, पण मग तुझ्या आईच्या तोंडात घाल." मग कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "हितं कुणाचं नाव हाय?"

"माझं."

"लिवलंस तू म्हणून तुझं. बरुबर. बोललं कोण?"

"तू."

"मग?"

सोमवारी मी लेख परत चढवला. फुंकणी लोखंडाची. बाबांचा प्रसंग नाही. खाली दोन ओळी : बोलणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, मग लिहिणारीचं. आणि त्याच्याखाली, की हा मजकूर आधी बोलणारीला न विचारता छापला होता, ती चूक माझी, आता तिला वाचून दाखवून तिच्या होकाराने छापला आहे. मग पुण्याला ई-मेल केला. लेख परत लावा, तिच्या भाषेत लावा, नाव आणि दुवा द्या, आणि ज्यांचे आभार घेतलेत त्यांना सांगा की ते तुमचे नव्हते. खाली क्लासचा फोन नंबर दिला.

तीन दिवसांनी फोन आला. आवाज मऊ होता. "मॅडम, एवढ्याशा गोष्टीसाठी आपण इतकं..."

"तुमच्या ब्लॉगच्या माथ्यावर काय लिहिलंय?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमचं पूर्ण नाव आहे. मग डिग्री, मग कंपनीतलं पद. एवढीशीच गोष्ट आहे ना ती? काढून टाका. मी तुम्हाला परत कधी पत्र लिहिणार नाही."

शेजारच्या टेबलावर सर पेन खाली ठेवून माझ्याकडे बघत होते.

"मी मुद्दाम केलेलं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. मी पण मुद्दाम केलं नव्हतं. मी आईला विचारलं नव्हतं. ते मी माझ्या पानावर लिहून मोकळी झालेय, जाऊन बघा. आता तुमची पाळी."

"बघतो," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा."

मी तो सांगितला नाही. आजपर्यंत नाही. नमस्कार नावाबरोबर येतो, नावाआधी नाही.

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "पावण्याला चांगला झाळला की." मग थोड्या वेळाने, जणू दुसराच विषय असल्यासारखं, "त्या इतिहासाच्या नोट्सच्या खाली ती तीन पुस्तकांची नावं घाल. बारक्या अक्षरात घाल, पण घाल." मी बारक्या अक्षरात घातली नाहीत.

ते ढकलपत्र अजूनही फिरतं. मधूनच कुणीतरी मला ते पाठवतं, वाचा किती छान आहे म्हणून, खाली अज्ञात लिहिलेलं. मी प्रत्येकाला उत्तर देते. लोकांना वाटतं मी कटकटी आहे. आहे. दुवा द्यायला एक मिनिट लागतं, विचारायला दोन. माझ्या आईला एक जोड झाळायला यापेक्षा जास्त वेळ लागायचा आणि तरी ती पदरात बांधून अक्कांची पायरी चढायची.

फोननंतरच्या आठवड्यात पुण्याचा तो लेख परत आला. 'मी फुंकतो' असं आलं. वर त्याने चार ओळी लिहिल्या होत्या, की यापूर्वीच्या कौतुकाचा धनी मी नव्हतो. मी ते पान छापून हुपरीला नेलं. आईने बघितलं, आपलं नाव कुठलं ते विचारलं, त्यावरून बोट फिरवलं, घडी घातली आणि पदराच्या टोकात बांधली.

"कुठे निघालीस?"

"अक्काकडं. दावून येतो."

माझ्या आईच्या बोलण्याखाली आता माझ्या आईचं नाव आहे. दोन्हीकडे, पूर्ण नाव.